पंखा बसवला तेव्हापासून

तिसगावच्या एस.टी.त खिडकीशी बसून यज्ञेश्वर मांडीवरची पिशवी सांभाळत होता. पिशवीत पाने, पकड, टेस्ट लॅम्प, डायनामोचे नवे ब्रश आणि फडक्यात गुंडाळलेली बॅटरीच्या पाण्याची काचेची बाटली. खड्डा आला की तो बाटली अलगद उचलून धरी आणि प्रत्येक खड्ड्याला काकासाहेबांच्या टँकरला एक शिवी हासडी. हासडी ती मनातल्या मनात, कारण शेजारी एक म्हातारी माळ ओढत बसली होती आणि मधूनमधून त्याच्या तोंडाकडं संशयानं बघत होती.

नगरला माळीवाड्यात राहत्या घराच्या ओट्यावरच त्याचं मोटारीच्या वायरिंगचं दुकान होतं. वडील विष्णुपंत भिक्षुकी करत. मुलानं पोथी सोडून पकड हातात घेतली याचं दुःख विष्णुपंतांनी जपलं आणि याचीच घमेंड यज्ञेश्वरनं. माणूस हाताचा चांगला, डोक्याचा तापट. वीज खोटं बोलत नाही, खोटं बोलतं ते गिऱ्हाईक, असं तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवी, आणि गिऱ्हाइकं तरीही त्याच्याकडंच येत. कारण दोष सापडेपर्यंत तो जेवत नसे. पण या टँकरपायी त्याच्यावर उपाशी मरायची पाळी आली होती.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा मात्र वेळेआधी येऊन बसला, त्या वर्षीची ही गोष्ट. विहिरींचे तळ दिसू लागले होते. गावंच्या गावं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. तिसगावच्या काकासाहेबांनी आपल्या जुन्या पेट्रोलच्या ट्रकवर पत्र्याची टाकी बसवली आणि गाडी पाण्याच्या कामाला लावली. डोंगरावर मोरदरा म्हणून एक वाडी होती. तिकडं जाणारी खिंड इतकी अरुंद, की तालुक्यातला दुसरा कुठलाही टँकर त्या वळणात मावत नसे. मोरदऱ्याचं पाणी म्हणजे काकासाहेबांची ही एक गाडी. ती चढली तर वाडी पाणी पिणार, नाही चढली तर नाही.

गाडी चढायची, पण खिंडीत उकळायची. भरल्या टाकीनं पहिल्या गियरमध्ये रांगत वर जाताना रेडिएटरमधून वाफा निघत. ड्रायव्हर गहिनीनाथ थांबायचा, गाडी निववायचा, पाणी घालायचा आणि मग पुढं निघायचा. यात वेळ जातो म्हणून काकासाहेबांनी लष्करी भंगाराच्या लिलावातून विजेवर फिरणारा एक पंखा उचलून आणला. कसल्या गाडीचा होता कोण जाणे, पण काम भक्कम होतं. यज्ञेश्वरनं तो रेडिएटरच्या पुढं बसवला, बॅटरीपासून वायर ओढली, स्टेअरिंगजवळ बटण दिलं. पहिल्या दिवशी ऐट म्हणून स्वतः गाडीत बसून गेला. गाडी खिंडीत उकळली नाही, थांबली नाही, एका दमात वर. गहिनीनाथ तर खूश होऊन बटणावरच हात ठेवून बसला होता.

वाडीत रंगुबाई नावाच्या म्हातारीनं त्याला ओसरीवर बसवून पितळी फुलपात्रात पाणी दिलं. त्यानं प्यायलं, भांडं खाली ठेवलं. तिनं पुन्हा भरलं. भिडेखातर तेही प्यायलं, तर तिनं पुन्हा भरलं. पोटात पाणी डुचमळायला लागलं तेव्हा गहिनीनाथनं हसत त्याच्या हातातलं भांडं घेऊन पालथं घातलं. मोरदऱ्याची तशी रीत होती. पाणी पिऊन तहान भागली की भांडं पालथं ठेवायचं. सुलटं ठेवलं तर पाहुण्याला आणखी हवंय असा अर्थ, आणि मग घरात असो नसो, बाई ओतणारच. दुष्काळात असली रीत म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं यज्ञेश्वर म्हणाला होता. रंगुबाईला त्याचा राग आला नाही.

त्याच दिवशी उतरताना गाडीतला, बॅटरीत वीज येते की जाते ते दाखवणारा अँपिअरचा काटा डुलायला लागला, आणि तो त्यानंतर थांबलाच नाही.

काटा मध्येच शून्याखाली पडे, मध्येच टोकाला जाऊन आदळे. हॉर्न रेड्यासारखा रेके. दिवे मिणमिणत आणि मध्येच इतके भडकत की बल्ब उडत. यज्ञेश्वरनं आधी डायनामोचा पट्टा आवळला. मग ब्रश बदलले. मग डायनामो आणि बॅटरी यांच्यामधल्या कटआउटचे पॉइंट घासले, पंख्याला वेगळा रिले दिला, इंजिनापासून चासीपर्यंत अर्थची जाड वायर टाकली. शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर मोठा डायनामो बसवला. गाडी नगरला दुकानासमोर उभी असली की काटा देवळातल्या पुजाऱ्यासारखा निश्चल. तिसगावला नेली की तिथंही ठीक. आणि खिंडीत गेली की पुन्हा तेच. वर बॅटरीच्या सहा खणांपैकी कडेचा एक खण रोज कोरडा मिळे. बाकीचे भरलेले आणि तो एक ठणठणीत. चार्जिंग जास्त झालं तर सगळे खण आटायला हवेत, एकच का आटावा याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं, आणि उत्तर नाही हे कबूल करण्यापेक्षा त्यानं हात पोळून घेतला असता.

तिसगावला उतरल्यावर काकासाहेबांनी त्याला चहा पाजला आणि चहाबरोबर बरंच काही ऐकवलं. परवापासून गाडी खिंडीच्या अलीकडेच बंद पडते, मोरदऱ्याला दोन दिवस घोटभर पाणी गेलेलं नाही, बायका चिंध्या भिजवून दगडाच्या खोबणीतलं पाणी पिळतात, असं ते म्हणाले. आज पाणी वर गेलं नाही तर लेकरं दगावतील आणि ते पाप पंख्याचं नसेल, पंखा बसवणाऱ्याचं असेल, असंही म्हणाले. एरवी यज्ञेश्वरनं असल्या बोलण्याला सव्वा पट उत्तर दिलं असतं. त्या दिवशी तो चहा संपवून गुमान गाडीखाली शिरला. चिंध्यांची गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नव्हती.

सगळं पुन्हा तपासलं. कडेचा खण कोरडा होता, तो भरला. सरकारनं ताब्यात घेतलेल्या विहिरीवर टाकी काठोकाठ भरून झाली. टाकीचं झाकण गहिनीनाथनं चावीनं आवळलं, त्यावर यज्ञेश्वरनं स्वतः एक आटा जास्त दिला. क्लीनर खडी फोडायला निघून गेला होता, म्हणून गाडीत दोघंच. निघेपर्यंत दुपार डोक्यावर आली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाभळींच्या सावल्या बुंध्याशी गोळा झालेल्या. दोन्ही बाजूंना भेगाळलेली रानं, मध्येच एखादं मेलेलं जनावर आणि त्याचा वास. काटा आपल्या जागी स्थिर होता, आणि यज्ञेश्वर त्याच्याकडं सासऱ्यानं जावयाकडं बघावं तसा बघत होता.

दोष सापडत नसला की तो शेवटी एकच गोष्ट विचारी. ती त्यानं गहिनीनाथला विचारली. पंखा बसवायच्या आधी तू काय करत होतास, जे आता करत नाहीस? नीट आठवून सांग. गियर, क्लच, काहीही.

गहिनीनाथनं विचार केला. "काय न्हाई, मिस्तरी. आधी खिंडीत थांबाया लागायचं. आता न्हाई लागत."

"थांबून काय करायचास?"

"झाकन उघडायचो. पानी घालायचो."

"बस्स?"

गाडी चालवताना गहिनीनाथ कधी रस्त्यावरून नजर काढत नसे. आत्ताही त्यानं काढली नाही, पण आवाज उतरला. "पयला मगभर पानी धोंड्यावर वतायचो. भागूबाईच्या."

मग यज्ञेश्वरनं खोदून खोदून सगळं काढून घेतलं. गहिनीनाथच्या आज्याच्या वेळच्या दुष्काळात मोरदऱ्याची भागूबाई खाली पाण्याला निघाली होती. खिंडीतल्या दगडाशी तिच्या अंगातलं त्राण संपलं. ती तिथंच बसली, भांडं पुढं ठेवून. पखाली लादलेल्या गाड्या तिच्या समोरून गेल्या, पण आपल्या वाट्याचं कमी होईल म्हणून कुणी बैल थांबवले नाहीत. तेव्हापासून खिंडीत जो कुणी पाणी उघडतो, तो पहिला मग त्या धोंड्यावर ओततो. गाडीवान ओतायचे, आता ड्रायव्हर ओततात.

"दुसऱ्या दिशी घावली ती," गहिनीनाथ म्हणाला. "म्होरं भांडं तसंच हुतं. सुलटं."

"आणि तू ओतणं बंद केलंस."

"मुद्दाम न्हाई केलं, मिस्तरी. गाडी उकळायची म्हनून थांबायचो, थांबायचो म्हनून वतायचो. आता उकळतच न्हाई... ध्यानातनंच गेलं."

यज्ञेश्वरच्या मस्तकात तिडीक गेली. महिनाभर तो कटआउट घासत बसला, पदरचा डायनामो दिला, आणि हा बाबा त्याला धोंडा दाखवतो. घरी वडील आणि रस्त्यावर हे. दगडाला तहान लागत असेल तर मग त्यानं दुकान बंद करून बापाची झोळी घ्यावी हे बरं. आज गाडी खिंडीत थांबणार नाही, त्यानं बजावलं. दोन दिवस तहानलेली माणसं वर बसलेली असताना दगडावर मगभर पाणी ओतायचं नाही. मिस्तरीचं म्हणणं खोटं नव्हतं.

खिंड लागली. गाडी पहिल्या गियरवर आली, गहिनीनाथनं पंख्याचं बटण दाबलं आणि काटा हळूहळू डावीकडं झुकायला लागला.

"पंखा बंद कर."

बंद केला. काटा झुकतच राहिला. यज्ञेश्वरनं वाकून बटणामागची पंख्याची वायर हिसकून काढली आणि हातात धरली. आता पंख्याकडं वीज जायला मार्गच नव्हता. तरी समोरून घरघर ऐकू येत होती. वाऱ्यानं फिरत असेल म्हणावं, तर पान हलत नव्हतं आणि गाडी माणसाच्या चालीनं चालली होती.

आणि वास आला. कोऱ्या माठात पहिल्यांदा पाणी ओतल्यावर येतो तसा. त्या भाजलेल्या खिंडीत, भर दुपारी, पाऊस होऊन वर्ष उलटलेलं असताना. गहिनीनाथलाही आला असणार. त्यानं स्टेअरिंगवरची बोटं आवळली.

वळणावर काटा पार खाली जाऊन टेकला. इंजिनानं दोन आचके दिले आणि गाडी मेली. उतारानं मागं सरकू नये म्हणून गहिनीनाथनं उडी टाकून चाकाला दगड लावले. यज्ञेश्वर उतरला तेव्हा त्याच्या डाव्या हाताला, रस्त्याला लागून, गुडघाभर उंचीचा एक काळा धोंडा होता. त्यावर शेंदूर नव्हता, हळदकुंकू नव्हतं, फूल नव्हतं. नुसता झिजलेला धोंडा. गाडी बरोबर त्याच्यासमोर उभी होती.

पंखा अजून फिरत होता, दमलेल्या माणसानं जातं ओढावं तसा. वायर त्याच्यापासून लोंबत होती आणि तिचं दुसरं टोक गाडीत होतं, मोकळं. यज्ञेश्वर ते टोक बघून आला, पंखा बघून आला, पुन्हा टोक बघून आला. मग पात्यांमध्ये पान्याचा दांडा घालून त्यानं पंखा थांबवला. दांडा काढला तेव्हा तो फिरला नाही, आणि यज्ञेश्वरला जरा धीर आला.

गहिनीनाथ मग घेऊन टाकीच्या नळाशी गेला होता.

"ठेव तो," यज्ञेश्वर म्हणाला. आवाज त्याला वाटला होता तेवढा मोठा निघाला नाही. "आधी दोष. मग काय ते."

त्यानं पायदानावरची पेटी उघडली. बॅटरीच्या कडेच्या खणाचं बूच काढलं. तासाभरापूर्वी स्वतःच्या हातानं भरलेला खण कोरडा होता. आतल्या पट्ट्या वाळक्या. त्यानं पिशवीतली बाटली काढून पाणी ओतलं. खण एवढासा, एका धारेत भरायला हवा. भरला नाही. तो ओतत राहिला. बॅटरी फुटली असेल म्हणून खाली हात घालून बघितलं, पेटी कोरडी खडखडीत. पुन्हा ओतलं, आणि या वेळी कान जवळ नेला.

आत कुणीतरी घोट घेत होतं.

एक घोट. मध्ये जराशी उसंत, श्वास घेण्यापुरती. मग पुन्हा घोट. फार दिवसांनी पाणी मिळालेलं माणूस पितं तसं, अधाशीपणानं पण सांडू न देता. यज्ञेश्वरचा हात थांबला, तसा आतला आवाजही थांबला, आणि थांबून राहिला.

"मिस्तरी..." गहिनीनाथ मागून हलक्यानं म्हणाला. "मगभर वतू का..."

"नको."

"वाईच..."

"नको म्हटलं ना. वर माणसं आहेत."

बाटली संपली. यज्ञेश्वर उघड्या बुचासमोर तसाच उकिडवा बसून राहिला. खिंडीत काही आवाज नव्हता. मग मागं टाकीच्या पत्र्यावर एकदा टिचकी मारल्यासारखं झालं, उन्हानं पत्रा वाजतो तसं. पंखा एक फेरी फिरला आणि स्थिर झाला. कोऱ्या माठाचा वास विरत विरत गेला. गहिनीनाथनं हँडल मारलं तर पहिल्याच झटक्याला गाडी लागली. काटा मधोमध, ढिम्म.

यज्ञेश्वर चढून बसला आणि भीती गेल्यावर माणूस बडबडतो तसा बडबडायला लागला. खणाची पट्टी आतून तुटली असणार, कंपनानं जोड सुटतो आणि पुन्हा लागतो, नवी बॅटरी टाकली की झालं, वीज खोटं बोलत नाही. गहिनीनाथ ऐकत नव्हता. त्यानं दुसरा गियर टाकला, मग तिसरा, आणि आपल्याच हाताकडं चमकून बघितलं. भरला टँकर त्या चढाला कधी तिसऱ्यात निघत नसे. गाडी मोकळी असल्यासारखी पळत होती.

मोरदऱ्यात सगळी वाडी रस्त्यावर उभी होती. हंडे, घागरी, डालड्याचे डबे ओळीनं मांडलेले. कुणी आरडाओरडा केला नाही, तेवढा जीवच कुणात नव्हता. एका बाईच्या कडेवरचं पोर टँकरकडं बघून नुसते ओठ हलवत होतं. गहिनीनाथनं नळाला रबरी पाइप लावला, पहिल्या हंड्यात सोडला आणि चाक फिरवलं. आतून फुस्स करून हवा आली. मग एक थेंब पडला. तेवढंच.

यज्ञेश्वर टाकीवर चढला. झाकण त्यानं दिलेल्या जादा आट्यासकट आवळलेलं होतं. ते खोलून आत बघितलं. टाकीचा तळ कोरडा होता. ओलही नव्हती, गंज उन्हात वाळलेला. उतरून गाडीमागं बघितलं, तर धुळीच्या रस्त्यावर पाण्याची एक टिकली नव्हती. त्यानं नळ चाचपला, पाइप चाचपला, पत्र्याचा प्रत्येक सांधा बोटानं चाचपला. सगळी वाडी त्याच्याकडं बघत होती आणि तो चाचपतच होता, कारण हात थांबवले असते तर त्याला माणसांकडं बघावं लागलं असतं.

रंगुबाई पुढं आली. तिनं टाकीकडं बघितलंच नाही. "खिंडीत थांबला व्हता का रं, गहिनीनाथ?"

गहिनीनाथनं मान खाली घातली. "गाडी थांबली, आजे."

"पाजलं का तिला?"

यज्ञेश्वरला म्हणायचं होतं की मी नको म्हणालो, तुमच्यासाठी नको म्हणालो. पण त्याला लाज वाटत होती, आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याशा जोडणीची नाही तर स्वतःची. म्हातारी घरात गेली. बाहेर आली ती तेच पितळी फुलपात्र घेऊन. त्यात पाणी होतं, गढूळ, चिंध्या पिळून साठवलेलं, काठापर्यंत. ते तिनं त्याच्यापुढं धरलं.

"घे बाबा. उन्हाचा आलायस."

त्याला ते घेववेना आणि परतही करवेना. शेवटी भांडं दोन्ही हातांत धरून तो तसाच गाडीत बसला आणि गहिनीनाथला म्हणाला, चल. उतरताना थेंब सांडू नये म्हणून त्यानं श्वास धरून ठेवला होता. खिंडीत गाडी थांबवायला सांगावं लागलं नाही. तो उतरला, धोंड्याशी वाकला आणि पाणी ओतलं. ते ओघळलं नाही. धोंडा क्षणभर काळाभोर झाला आणि पाणी संपायच्या आत कोरडा. आपण काय पुटपुटलो ते त्याला नंतर आठवेना. वडील तर्पणाच्या वेळी पुटपुटायचे त्यातलंच काहीतरी असावं. रिकामं भांडं त्यानं पिशवीत टाकलं. ते आधी पालथं घालावं हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यानं पंखा उतरवला. दुसऱ्या दिवशी भरला टँकर पूर्वीसारखा खिंडीत उकळला, गहिनीनाथ थांबला, पहिला मग ओतला आणि मोरदऱ्याला पाणी पोहोचलं. रोज पोहोचत राहिलं. हा निरोप एस.टी.च्या कंडक्टरनं आणला तेव्हा यज्ञेश्वरनं त्याला मिठीच मारली असती, पण तो स्वभाव नव्हता. काकासाहेब पंखा नको म्हणाले, म्हणून तो दुकानातल्या वरच्या फळीवर पडून राहिला.

त्या फळीखाली तो चार्जिंगच्या बॅटऱ्या मांडत असे. आठवड्याच्या आत त्यांचे कडेचे खण कोरडे मिळायला लागले. गिऱ्हाइकं बोंबलू लागली. यज्ञेश्वरनं बॅटऱ्या हलवल्या, चार्जर बदलला, बॅटरीचं पाणी विकणाऱ्या दुकानदाराशी भांडून आला. मग एका सकाळी, इकडंतिकडं बघून, कुणी विचारलंच तर काय सांगायचं ते आधी ठरवून, त्यानं पिशवीतलं फुलपात्र काढलं, पाण्यानं भरलं आणि पंख्याजवळ ठेवलं. दुपारी बघितलं तर भांडं रिकामं होतं, आणि नीट पालथं घातलेलं. बॅटऱ्या भरलेल्या.

मग तो रोजचाच नेम झाला. उन्हानं आटतं, असं तो बायकोला, शोभाला, सांगे. आणि पालथं कोण घालतं, असं शोभानं विचारलं तर मांजर, असं सांगे. विष्णुपंत आत-बाहेर करताना फळीकडं बघत, मुलाकडं बघत, आणि आयुष्यात पहिल्यांदा टोमणा न मारता आत जात. त्याचा यज्ञेश्वरला जास्तच वैताग येई.

पुढं पाऊस झाला. भर श्रावणात गहिनीनाथ बाजाराला म्हणून नगरला आला आणि दुकानात टेकला. टँकर बंद झाले होते, मोरदऱ्याच्या विहिरीला पाणी आलं होतं. रंगुबाई मजेत होती. यज्ञेश्वरनं विचारलं, धोंड्याचं काय?

गहिनीनाथ जरा घुटमळला. "वततो अजून. पर मिस्तरी, तुमी पंखा घिऊन गेलात तवापासनं धोंडा ओलाच ऱ्हातोय. पानी पीत न्हाई. तशीच धार खाली वघळती. रंगुआजी म्हनली, तितं कोन न्हाई आता."

बोलता बोलता त्याची नजर फळीवर गेली आणि तो उठून उभा राहिला. रंगुबाईचं भांडं न्यायला यज्ञेश्वरनं त्याला सांगितलं, कधीपासून परत करायचं राहिलंय म्हणाला. गहिनीनाथनं हात पुढं केला नाही. ऱ्हाऊ द्या म्हणाला, आणि चहा न घेता पावसात निघून गेला.

यज्ञेश्वरनं वर बघितलं. भांडं रिकामं होतं. पण आज पालथं नव्हतं.

त्यानं ते खाली घेतलं, भरलं, जागेवर ठेवलं आणि पकड उचलायला वळला. मागं घोट ऐकू आले. वळून बघितलं तर भांडं रिकामं, सुलटं. त्यानं पुन्हा भरलं. कळशी संपली तशी आत जाऊन माठातलं आणलं. चार्जरवरचे काटे एकेक करून डावीकडं झुकायला लागले होते.

"अहो," आतून शोभानं विचारलं, "माठ कुणी संपवला? आत्ताच तर भरला होता."

बाहेर पन्हळीतून पाणी धो धो वाहत होतं, आणि फळीवरचं भांडं सुलटंच होतं.